बाळाचा पहिला लांबचा प्रवास

अमरावती

चि. सौ. गौरीस,


पुढच्या रविवारी तू बाळाला घेऊन नागपूरहून नाशिकला निघणार, असं ताईने फोनवर सांगितलं. बारशाला मी चांदीच्या वाळ्यांऐवजी गाडीत बसवायची सीट आणली, त्यावरून घरात जी कुजबुज झाली होती तिचाही विषय पुन्हा निघाला. ताईचं म्हणणं असं की तीन महिन्यांच्या जिवाला पट्ट्यांनी जखडून ठेवायचं, ही कसली माया? तू मागे बसशील, बाळ तुझ्या मांडीवर दुपट्यात निवांत झोपेल, आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा दुसरी कोणती? ताई माझी थोरली बहीण, तिने मला अंगाखांद्यावर खेळवलं आहे. तिच्याशी मी वाद घातला नाही. पण रविवारी गाडीत बसताना बाळ कुठे असेल, हे तू ठरवणार आहेस. म्हणून तुला सविस्तर लिहितो.

आईची मांडी घरात सुरक्षित आहे. चालत्या गाडीत ती सुरक्षित नाही, आणि यात आईच्या मायेला काही कमीपणा नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांपुढे मी हे गणित फळ्यावर मांडायचो, तेच तुला सांगतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी त्या वेगाने जात असते तेव्हा तिच्यातली माणसं, डिकीतल्या बॅगा, मागच्या काचेजवळ ठेवलेली पाण्याची बाटली, सगळं त्याच वेगाने जात असतं. गाडी कशावर आदळली की गाडी थांबते, आतलं काहीच आपोआप थांबत नाही. त्याला पट्टा थांबवतो, नाहीतर पुढची सीट, नाहीतर काच. गाडीचं नाक चेपत ती अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धर. त्या वेळी आतल्या माणसाला जागेवर धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर लागतो. आपलं बाळ सहा किलोचं आहे, म्हणजे एकशे वीस किलो झाले. ज्वारीचं भरलेलं पोतं शंभर किलोचं असतं. ते कसलीही पूर्वसूचना नसताना, सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात, कोणती आई दोन हातांत धरून ठेवू शकेल? आणि हा हिशोब गावातल्या रस्त्याचा आहे. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो, आणि तुम्ही समृद्धी महामार्गाने जाणार आहात, जिथे मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे.

यावर कोणी सुचवेल की तुझाच पट्टा बाळावरून घे, दोघांना एकदम बांध. हे कधीच करू नकोस. धडक बसली की तुझ्या अंगाचा सगळा भार त्या पट्ट्यावर येतो, आणि बाळ मध्ये चिरडतं. पट्टा न लावता बाळ मांडीवर घेतलं, तर तेच बाळ तू आणि पुढची सीट यांच्यात सापडतं. म्हणून बाळाला त्याची स्वतःची सीट हवी, आणि ती पहिल्या प्रवासापासून हवी.

ही सीट मागच्या बाकावर, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवायची असते. तुझ्या सासरी हे पाहून सगळ्यांना नवल वाटेल, बाळाला उलटं का बसवलं म्हणून विचारतील. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढं असतं आणि मान अजून कोवळी असते. तोंड पुढे करून बसवलं, तर समोरून धडक बसल्यावर धड पट्ट्यांनी अडतं आणि जड डोकं पुढे झेपावतं, मग सगळा ताण त्या मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ सगळं एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबलं जातं आणि जोर सगळ्या पाठीवर पसरतो. युरोपच्या नव्या नियमात किमान पंधरा महिने असंच बसवायला सांगितलं आहे. स्वीडनमध्ये तर मुलं चार वर्षांची होईपर्यंत उलटी बसतात. सीटवर जी वजनाची मर्यादा लिहिली आहे, तिथपर्यंत तूही तसंच बसव. घाई करू नकोस.

पण हीच सीट पुढे, चालकाशेजारी, अजिबात ठेवायची नाही. समोरच्या डॅशबोर्डमधली एअरबॅग डोळ्यांची उघडझाप होते त्याहून लवकर फुगते, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर येते. ती पट्टा लावलेल्या मोठ्या माणसासाठी बनवलेली आहे. उलट्या सीटची पाठ डॅशबोर्डला अगदी लागून येते, आणि बाळाचं डोकं नेमकं त्या पाठीमागे असतं. उन्हाची झडप खाली केलीस की तिच्यावर बेबी सीटवर फुली मारलेलं चित्र दिसेल, ते याचसाठी छापलेलं असतं. थोडी मोठी मुलंसुद्धा मागेच बसलेली बरी. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत एक सहा वर्षांचा मुलगा पुढच्या सीटवर असताना अपघातात एअरबॅग उघडली आणि तो दगावला. ती बातमी वाचून मी किती तरी दिवस अस्वस्थ होतो.

आता मोठ्यांबद्दल. हे लिहायला मला थोडा संकोच वाटतो, कारण तुझ्या सासूबाई आणि सासरे माझ्यापेक्षा वडील आहेत. पण बाळाच्या शेजारी जो बसेल, त्याने पट्टा लावला नाही तर तो माणूस बाळावरच जाऊन आदळेल. चालकाच्या मागे बसलेल्याने पट्टा लावला नाही तर तो चालकावर आदळेल. जपानमधल्या अपघातांचा अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मागचे लोक पट्ट्याविना असतील, तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांच्या मरणाचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं त्यात दिसून आलं. मागे बसलेल्याला काही होत नाही, हा आपल्याकडचा समज किती खोल आहे बघ. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशभरात पट्टा न लावलेली १६,७१५ माणसं गाड्यांत मेली. त्यांतली जवळजवळ निम्मी चालक नव्हती, नुसती बसलेली होती.

सासूबाईंना पट्टा पोटावर आवळतो म्हणून नको वाटतो, हे तू मागे म्हणाली होतीस. तो पोटावर घ्यायचाच नसतो. आजचा हा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ साली निल्स बोलिन या स्वीडिश इंजिनिअरने व्होल्वो कंपनीसाठी बनवला. हा माणूस त्याआधी लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होता. शरीराने किती झटका सोसावा आणि कुठे सोसावा, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. व्होल्वोने हा शोध इतर कंपन्यांनाही वापरू दिला, याबद्दल मला त्या लोकांविषयी फार आदर वाटतो. बोलिनच्या रचनेत सगळा जोर हाडांवर येतो: कमरेचं हाड, छातीचा पिंजरा, खांद्याचं हाड. म्हणून खालचा पट्टा निऱ्यांच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला, कमरेच्या हाडावर घट्ट बसायला हवा. वरचा खांद्याच्या मधून छातीवर यायला हवा. गळ्याला लागतो म्हणून बरेच जण तो काखेखालून घेतात. तसं केलं तर बरगड्या मोडून आत घुसतात. सासूबाईंना शब्दांत पटणार नाही, तू स्वतः बसवून दे. एकदा अंगाला नीट बसला की त्यांची तक्रार राहणार नाही असं मला वाटतं.

सासरे पुढे बसतील. लांबच्या रस्त्यात सीट मागे पाडून झोपायची त्यांना सवय आहे. सीट आडवी झाली की पट्टा छातीपासून सुटतो आणि धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो. त्यांना ताठ बसायला सांगणं तुला जमणार नाही, ते त्यांच्या मुलावर, निखिलरावांवर सोड. स्वतः निखिलरावांनी छाती आणि स्टिअरिंग यांच्यात वीतभराहून जास्त, निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावं. आणि त्यांच्या गाडीत डॅशबोर्डवर उजव्या सोंडेचा गणपती चिकटवलेला आहे, तो नेमका एअरबॅगच्या झाकणावर आहे. ते झाकण फाटून उघडतं, तेव्हा मूर्ती समोरच्याच्या तोंडावर फेकली जाईल. गणपती गाडीत असावा, मलाही हवा, पण गिअरजवळच्या खालच्या खणात त्याची स्थापना करा. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली असेल, तर तिच्यावरचं कव्हर काढून टाका.

एअरबॅग आहे म्हणून पट्ट्याची गरज नाही, असं म्हणणारे शिकलेले लोक मला भेटतात. एअरबॅग पट्ट्याला जोड म्हणून असते. पट्टा नसेल तर माणूस बॅग पुरती फुगण्याआधीच तिच्यावर जाऊन पडतो. बकलमध्ये नुसती पट्टी खोचून गाडीची सूचना बंद करणाऱ्या क्लिपा बाजारात मिळायच्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या ऑनलाइन विक्रीतून काढायला लावल्या. तशी एखादी गाडीत पडलेली दिसली तर फेकून दे.

बाळाचे पट्टे कसे लावायचे ते मी येऊन दाखवीनच, तरी आधी वाचून ठेव. खांद्याचे पट्टे उलट्या सीटमध्ये बाळाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यायला हवेत. घट्ट इतके की खांद्यापाशी तुझं एकच बोट आत जावं. जाड स्वेटर किंवा दुपटं पट्ट्याच्या आत नको, थंडी वाटली तर वरून पांघरूण घाल. हनुवटी छातीवर टेकली तर श्वास कोंडतो, म्हणून सीटचा कल नीट ठेवायचा. नागपूरच्या उन्हात बकलची धातूची पट्टी चटका देते, बाळाला बसवण्याआधी हात लावून बघ.

आणि रडणं. बाळ रडेल, हे धरूनच चाल. तुझा जीव कालवेल, आणि गाडीतले सगळे म्हणतील, काढ त्याला बाहेर. अशा वेळी गाडी थांबवायची, मगच बाळाला काढायचं. चालत्या गाडीत अंगावर पाजायचं नाही. एवढ्या लहान बाळाने एका दमात दीड-दोन तासांपेक्षा जास्त त्या सीटमध्ये राहू नये, म्हणून थांबत थांबत जा. समृद्धीवर कुठेही कडेला उभं राहू नका, थांब्याच्या जागा आधी बघून ठेवा. नाशिकला पोचायला रात्र झाली तरी चालेल.

ताई म्हणाली की शेजारच्या देशपांडे वहिनींकडे जुनी सीट पडून आहे, तर नवीन कशाला आणली. पहिली झबली-टोपडी दुसऱ्या बाळाची घालायची आपली रीत मला आवडते. सीटच्या बाबतीत ती पाळू नकोस. ती सीट कधी अपघातातून गेली का, किती वर्षं उन्हात पडली, हे बाहेरून कळत नाही.

मोठं झाल्यावर बाळाला पुढे तोंडाची सीट लागेल, मग बूस्टर, साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत. ते त्या त्या वेळी बोलू. कायदाही तुझ्या बाजूने आहे, हे सासरी सांगायला उपयोगी पडेल: २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. तरी तू कायदा पुढे करू नकोस. ताईला आणि सासूबाईंना मानेचं सांग, डोक्याचं वजन सांग. ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना बाळाची मान धरणं म्हणजे काय ते तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं.

निखिलराव शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन येतील. त्यांना फोन करून एवढं विचार: मागच्या बाकाच्या फटीत हात घातला तर प्रत्येक बाजूला लोखंडी आकड्यांची जोडी लागते का? लागली तर सीट त्यांच्यात अडकेल. नसली तर पट्ट्याने बांधू, मधल्या जागेत फक्त कमरेचा पट्टा असेल तर ती जागा सोडून कडेला. गाडी २०१३ची, दुसऱ्याकडून घेतलेली. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांत उष्ण दमट हवेने रसायन बिघडायचं आणि फुगताना धातूचे तुकडे उडायचे, म्हणून जगभर कोट्यवधी बॅगा बदलाव्या लागल्या, भारतातल्या गाड्यांतल्याही. चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारायला सांग, शनिवारच्या आत. गाडीचं मॅन्युअल बरोबर आणा. मी रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीने येतो, सीट बसवायला अर्धा तास लागेल, तोपर्यंत बाळाची अंघोळ उरकून ठेव.

ताईला नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझा,
मामा