अंगणातला गलांडा

फुलांची आवड नाही असा माणूस विरळाच. परंतु फुलांची आवड असणे निराळे आणि फुलझाड जगविणे निराळे, हे मला दोन वर्षांच्या खटपटीनंतर कळले. मी कलाशाखेचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. तरीही अंगणात जे शिकलो ते मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

गलांडा आपण हारांत नेहमी पाहतो. लाल पाकळ्या आणि त्यांना पिवळी किनार. नाव अस्सल मराठी वाटते, पण ते आले आहे ‘गेलार्डिया’पासून. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गेलार नावाचे एक न्यायाधीश वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते होते, त्यांच्यावरून हे नाव पडले. झाड मूळचे अमेरिकेतले. तिथल्या गवताळ मैदानांवर याचाच एक भाऊबंद वाढतो, तो एकिनेशिया. त्याचा मधला भाग शंकूसारखा वर येतो व काटेरी दिसतो, म्हणून 1794 साली मंख या शास्त्रज्ञाने साळिंदरासारख्या काटेरी प्राण्याच्या ग्रीक नावावरून त्याचे नामकरण केले. परंतु त्याच्या बियांना रुजण्यापूर्वी थंडी मानवते, आणि आपल्याकडची थंडी ती किती! आपल्या अंगणाला गलांडाच बरा.

सूर्यफूल, झेंडू, शेवंती ही सारी याच कुळातली. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरे पाहता शेकडो फुलांचे संमेलन असते. कडेची ती किरणपुष्पके, मधली ती बिंबपुष्पके. गलांड्यात बी धरते ते बहुधा मधल्यांत. दिमाख कडेच्यांचा आणि संसार मधल्यांचा, असा हा प्रकार!

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी शेतातली काळी माती तेलाच्या डब्यात भरली आणि आषाढात रोपे लावली. हिंगोली जिल्ह्यातली काळी माती म्हणजे सोयाबीन, कापूस, हळद पिकविणारी माती. तिच्यात फूल का येणार नाही, असा माझा हिशेब. श्रावणात पाने पिवळी पडली. मला वाटले, झाड तहानलेले आहे. मी आणखी पाणी घातले. पंधरवड्यात सारी रोपे मेली. उपटून पाहिली तर मुळे काळी पडून कुजलेली.

वसमतकडे माझे मामा हळद करतात. त्यांना सांगितले तेव्हा ते हसले. “अरे, हळदीला आम्ही गादीवाफा कशापायी करतो? पाणी बसलं की कंद सडतो. तुझं झाड तहानेनं नाही मेलं, बुडून मेलं.” काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातली हवा जाते, वाळली की भेगाळते. शेतात पाणी खोल उतरायला वाव असतो, डब्यात तो नसतो. माझ्या डब्याच्या बुडाला तर एकही भोक नव्हते.

दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. ती अशी :

माती : एक भाग काळी माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत. डब्याला बुडाशी चार-पाच भोके, त्यांवर खापराचे तुकडे. खताचा मारा करू नये. नुसता पाला माजतो.

पेरणी : मोठा पाऊस सरल्यावर, सप्टेंबरअखेर. बियांना उजेड लागतो, म्हणून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसू लागतात. पाच-सहा पाने आली की, साधारण महिन्याने, रोपे वीतभर अंतराने लावावीत. ऊन दिवसातून सहा तास तरी हवे.

आटोपशीरपणा : बी घेताना बुटकी जात मागावी. रोप चार-पाच बोटे वाढले की शेंडा खुडावा. जीव कासावीस होतो, पण त्यामुळे फांद्या फुटून झुडूप भरदार होते. सुकलेली फुले एक दिवसाआड काढावीत, म्हणजे नव्या कळ्या येत राहतात.

पाणी : बोट मातीत खुपसून पाहावे, कोरडे लागले तरच घालावे.

या शेवटच्या बाबीवरून घरात वाद झाला. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाण्याची ओढाताण. आजी म्हणाली, “माणसाला प्यायला पाणी मिळना, अन् तू फुलाला पाजायलास?” मला उत्तर सुचले नाही. तिचे खरेच होते. तेव्हापासून पिण्याचे पाणी झाडांना घालायचे नाही असा मी नेम केला. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी एका बादलीत साठवू लागलो. डब्यांना तेवढे पुरे झाले. गलांडा काटक, पाण्याची थोडी उणीव तो सोसतो, जास्त झालेले मात्र सोसत नाही.

संक्रांतीच्या सुमारास पहिली फुले आली. आजीने काही न बोलता चार खुडून देवापुढे ठेवली. चैत्रात एका सकाळी पाहतो तो तांदळाचे धुवण घेऊन तीच डब्यांपाशी उभी. “हे पाणी मोरीत कशाला घालवायचं?” एवढेच म्हणाली.

पाकळ्या गळाल्यावर राहणारे केसाळ गोळे वाळवून मी बी ठेवले आहे. ज्याला हवे असेल त्याने खुशाल मागून न्यावे. मात्र डब्याला भोके पाडून मगच यावे.