नारळ, वापसा आणि देवीचं ऐकणं

प्रश्न : आमच्या घरी पेरणीआधी अंबडच्या मत्स्योदरी देवीपुढे नारळ ठेवतात. पाऊस झाला की आजी म्हणते, देवीनं ऐकलं. मी कृषी पदविकेला आहे, पाऊस कसा येतो ते शिकले आहे. मग घरातली शिकलेली माणसंही हे का मानतात? आणि त्यामागचं शास्त्रीय कारण सापडलं तर देव खोटा ठरतो का?
– एक विद्यार्थिनी, अंबड तालुका

उत्तर : तुझे प्रश्न दोन आहेत. माणूस का मानतो, हा एक. तो जे मानतो ते खरं आहे का, हा दुसरा. त्यांची गल्लत झाली की घरात नुसतं भांडण होतं.

पेरणीच्या दिवसापासून सुरुवात करू. तिफणीला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. पण त्याआधी ओल्या गोणपाटात सोयाबीनचे १०० दाणे गुंडाळून किती उगवले ते मोजलेलं असतं, बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, मूठभर माती दाबून वापसा पाहिलेला असतो. हळदकुंकू लावलं म्हणून बीजप्रक्रिया नको, असं तुझ्या घरात कुणी म्हटलंय का? बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी सुरू केली ती जालन्यातच. बियाण्याची जाण आपल्याकडे कमी नाही. प्रश्न बियाणं मातीत गेल्यानंतरचा असतो.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले कोळी आतल्या शांत खाडीत मासे धरायला जाताना मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात निघताना मात्र सगळे विधी यथासांग होत. खाडीत कौशल्य पुरतं, समुद्रात जीव टांगणीला लागतो. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा खुला समुद्र म्हणजे आभाळ. २०१२च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या लोकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन मोसंबी जगवायची धडपड केली, आणि तरीही कितीतरी बागा वाळून गेल्या. हातातलं सगळं करून झाल्यावर जे उरतं त्याचं माणसानं काय करायचं? विश्वास या उरलेल्या जागेत राहतो. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता ‘देवीनं ऐकलं’ याकडे येऊ. डायागोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाची जुनी गोष्ट आहे. वादळातून वाचलेल्यांनी देवळात लावलेली नवसाची चित्रं त्याला कुणीतरी दाखवली. त्यानं विचारलं, बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत? आपल्या देवळांतही फळलेल्या नवसाची घंटा टांगली जाते. न फळलेल्याची खूण कुठेच राहत नाही. मन फक्त घंटा मोजतं. तेव्हा नारळामुळे पाऊस येतो का, याचं उत्तर स्पष्टपणे नाही असं आहे. हा दावा वर्षावर्षाची नोंद ठेवून तपासता येतो. नारळ ठेवणारे हात २०१२ सालीही होतेच.

पण एवढ्यानं देव खोटा ठरत नाही. गुडघा ठणकला म्हणून आजी म्हणाली, आज पाऊस येणार. तिला तसं का वाटलं याचं कारण गुडघ्यात सापडेल. पाऊस आला की नाही ते अंगणातच पाहावं लागेल. विचार कुठून आला हे कळल्यानं तो खरा की खोटा ते ठरत नाही. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं धर्मानुभवावरच्या १९०२च्या ग्रंथात हेच आग्रहानं मांडलं. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. श्रद्धेनं धीर मिळतो, म्हणूनही देव सिद्ध होत नाही.

आणि शंका घेणं हे काही कॉलेजात गेल्यावर लागलेलं खूळ नाही, हे घरी जरूर सांग. चार्वाकांनी देव नाकारला. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त तर्कानं ईश्वर सिद्ध करायचा प्रयत्न केला, म्हणजे समोर प्रश्न विचारणारे होते. वेद आणि यज्ञ शिरोधार्य मानणाऱ्या मीमांसकांनाही जग निर्माण करणारा ईश्वर मान्य नव्हता. आपल्याकडे हा वाद भर सभेत चालत आला आहे.

एका ठिकाणी मात्र मी तडजोड करणार नाही. पेरणीच्या दिवसांत साप जास्त चावतात. तिथे औषध ठाऊक आहे, सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष असतं, आणि मिनिटं मोजकी असतात. अशा वेळी माणसाला देवळात किंवा मांत्रिकाकडे नेणं म्हणजे खाडीतच बुडणं. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, २०१३ साली आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे.

नारळावरून आजीशी वाद घालू नकोस. तो ठेवताना ती मनात नेमकं काय मागते, तेवढं एकदा शेजारी बसून विचार. ती काय म्हणाली ते मला कळव.