छळ करणारा माणूस आवडतो, हे चूक का?

प्रश्न : जो ॲबरक्रॉम्बींची ‘द ब्लेड इटसेल्फ’ ही फँटसी कादंबरी वाचतो आहे. त्यातला ग्लोक्टा लोकांचे हाल करतो, तरी त्याच्या विचारांवर मला हसू येतं. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : मुळीच नाही. ग्लोक्टा एके काळी देखणा, गर्विष्ठ तलवारबाज होता. शत्रूच्या कैदेत दोन वर्षं छळ सोसून तो परतला, तो मोडलेले दात आणि निकामी पाय घेऊन. आता तेच हाल तो इतरांचे करतो, तेही सरकारी नोकरी म्हणून. ॲबरक्रॉम्बी आपल्याला थेट त्याच्या डोक्यात नेतात. तोंडाने तो अदबीने बोलतो, मनात मात्र बोचरे शेरे मारत असतो आणि त्यातले सर्वांत जहरी स्वतःवरच. जिन्याची प्रत्येक पायरी त्याला वैरीण वाटते. तिथे आपण हसतो आणि नकळत त्याच्या बाजूचे होतो. मग चौकशीच्या खोलीत बांधलेला माणूस किंचाळू लागतो, तेव्हा हीच जवळीक आपल्याला टोचते. ही टोचणी म्हणजे या कादंबरीची खरी ताकद आहे, असं मला मनापासून वाटतं. इथला विनोद क्रौर्याला माफ करत नाही. तो आपल्याला नजर वळवू देत नाही. क्रौर्याने भरलेल्या अशा काही कादंबऱ्यांत विनोद नुसती बळी पडलेल्यांची टर उडवतो. अशी पुस्तकं मी अर्ध्यावर सोडते.

2006 ची ही कादंबरी मालिकेतला पहिला भाग आहे; त्यानंतर आणखी दोन आहेत, शेवटचा 2008 चा. क्रमानेच वाचा, आणि बायाझ या वृद्ध जादूगारावर लक्ष ठेवा.