तरुण मुलं-मुली सरकारी दवाखान्यात का येत नाहीत?

रविवारी वंदना झाली की विहारात आम्ही अर्धा तास आरोग्यावर बोलतो. रक्तदाब, साखर असा विषय असला की प्रश्न संपत नाहीत. पाळी, अंगावरून पांढरे जाणे, गर्भनिरोधक असा विषय निघाला की सगळे सतरंजीकडे बघतात. प्रश्न येतात, पण नंतर. चपला घालताना, जिन्यात, किंवा "ताई, माझ्या मैत्रिणीला विचारायचं होतं" असे म्हणून. मैत्रिणीला विचारायचे असते तेव्हा बहुतेक वेळा विचारणारीच पेशंट असते, हे आम्हा नर्सेसना सांगावे लागत नाही.

म्हणून या अंकात हाच धडा घेतला आहे. औषधे कोणती, यापेक्षा आपली १८-२० वर्षांची मुले-मुली त्या औषधांपर्यंत का पोहोचत नाहीत, हे बघू.

मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ साली झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र असावे असे ठरले आहे. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, ज्याला आपण टेंभा हॉस्पिटल म्हणतो. ७ जानेवारी २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींसाठी वेगळे दवाखाने आहेत आणि महाराष्ट्रात त्यांचे नाव 'मैत्री' आहे. निरोध, माला-एन, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन, तांबी, एचआयव्हीची तपासणी, हे सगळे सरकारी व्यवस्थेत मोफत आहे. उत्तनचा कोळीवाडा किंवा चेण्याचे पाडे सोडले, तर शहरातल्या बहुतेक वस्त्यांना अंतर ही मोठी अडचण नाही.

अडचण वेळेपासून सुरू होते. ओपीडी सकाळी. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात किंवा मीरा रोडच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीने सकाळी रांगेत उभे राहायचे म्हणजे एक खाडा आणि घरी एक खोटे. कॉलेजची मुलगी वेळ काढू शकते, पण रांगेत शेजारची काकू भेटते. काकू विचारते, "काय गं, काय झालं?" संध्याकाळपर्यंत चाळीत उत्तर तयार असते.

त्यानंतर केसपेपरची खिडकी. नाव, वय, पत्ता इतके पुरे असते. पण खिडकीतून मोठ्याने विचारले जाते, "लग्न झालंय का?" मागे दहा माणसे. लग्नाचा नसला तरी शरीरसंबंधाचा प्रश्न डॉक्टरांना कधी कधी विचारावाच लागतो; पाळी चुकली असेल तर विचारायलाच हवा. तो आत, पडद्यामागे, हळू आवाजात विचारायचा असतो. आम्ही खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो आहोत. त्या एका प्रश्नावर केसपेपर न घेता परत फिरलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. आणि आपल्या वस्तीचा पत्ता, आपले आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे वाचकांना आम्ही काय सांगावे? ज्या खिडकीवर आईचा अपमान झाला, तिथे लेक स्वतःहून जात नाही.

आशाताईंबद्दलही स्पष्ट बोलू. त्या आपल्याच गल्लीतल्या, रात्री-अपरात्री धावणाऱ्या. बाळंतपणाला त्यांच्याइतका आधार कोणाचा नाही. पण त्यांच्या वहीत नोंद असते ती 'जननक्षम जोडप्यां'ची. लग्न न झालेली मुलगी त्या वहीत बसत नाही, आणि आशाताई आईची मैत्रीण असल्यामुळे ती त्यांना सांगतही नाही. नव्या सुनेचे वेगळेच. ती वहीत असते, पण तिच्याशी बोलणे होते ते सासूच्या समोर. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांमागे जवळपास २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आढळले. अशा मुलीला 'पहिले मूल दोन वर्षांनी' हे वाक्य सासूसमोर म्हणता येईल का?

दवाखाना टळला की उरते मेडिकलचे दुकान. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी अडचणीच्या वेळेसाठी आहे आणि जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली. ती दर आठवड्याची सोय नव्हे. खरी भीती गर्भपाताच्या गोळ्यांची. त्या कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंत, नोंदणीकृत डॉक्टरांनी तपासून द्यायच्या असतात. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. तासाला दोन पॅड भिजत असतील आणि हे दोन तास चालू राहिले, ताप आला, पोटात एका बाजूला कळ आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कोणाला कळेल याचा विचार न करता रुग्णालय गाठायचे. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगायचे.

आता कायदा, कारण गैरसमज इथेच जास्त. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यात मोठी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही, आईबापाचीही नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते; ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचे लागते. या २४ आठवड्यांच्या मुदतीत अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितले. तिचे नाव गुप्त ठेवणे हे कायद्याने बंधनकारक आहे.

अठराखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. या भीतीने किती घरे मुलीला लपवून कुठल्यातरी बाईकडे नेतात! पण २०२२ च्या त्याच निकालात असेही आहे की मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर गर्भपातासाठी पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचे नाव व ओळख देण्याची गरज नाही. तातडीच्या उपचारासाठी आधी तक्रारीचा कागद आणा, असे कोणी म्हणू शकत नाही. हे परिच्छेद कापून जवळ ठेवा. सगळ्याच खिडक्यांवर ही माहिती असेल असे नाही.

मुलांचा विषय थोडक्यात, कारण ते येतातच थोडे. लघवीला जळजळ, फोड, स्राव झाला की भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातीतला नंबर लावतात आणि पगार घालवतात. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये हेच उपचार मोफत होतात. जोडीदाराचेही औषध सोबत घ्यावे लागते, नाहीतर आजार फिरून परत येतो.

कोणी म्हणेल, विहारात असले विषय कशाला? र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यांचे भाषण बाबासाहेबांनी तयार करून दिले होते. सरकारने लोकांत जोराने प्रचार करावा आणि पुरेशा सोयी द्याव्यात, अशी ती मागणी होती. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरोधात ५२. प्रचार आज भिंतीभिंतीवर आहे. सोयी खिडकीपाशी अडतात.

एकटी मुलगी जात नसेल तर सोबत कोणीतरी जावे, यासाठी विहारातल्या दोन निवृत्त नर्स आणि दोन उपासिका तयार आहेत. त्या रांगेत उभ्या राहतील, आत जाणार नाहीत, घरी सांगणार नाहीत. फोनवर विचारायचे असेल तर आरोग्य सल्ल्यासाठी १०४ आणि एचआयव्ही व गुप्तरोगांसाठी १०९७ हे नंबर आहेत.

महापालिकेच्या आरोग्य विभागाला द्यायचा अर्ज आम्ही लिहिला आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. आठवड्यातून एक ओपीडी संध्याकाळी सहानंतर ठेवावी, आणि केसपेपरच्या खिडकीवर लग्नाचा प्रश्न विचारू नये. अर्ज विहाराच्या कपाटात आहे. आतापर्यंतच्या सगळ्या सह्या चाळिशीच्या पुढच्या बायकांच्या आहेत. ज्यांच्यासाठी तो लिहिला, त्यांनीही येऊन सही करावी.