एका गुणाने हरलेला संघ

मित्रमैत्रिणींनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या आई-बाबांनो, या वेळी मी एका लहान देशाच्या कबड्डी संघाची माहिती लिहीत आहे.

तैवान हे चीनजवळचे एक बेट आहे. तिथली लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख होती. खेळांच्या स्पर्धांत या बेटाचा संघ ‘चायनीज तैपेई’ या नावाने उतरतो.

२०२३ साली चीनमधील हांगझोऊ शहरात आशियाई खेळ झाले. महिला कबड्डीत भारताचा पहिलाच सामना या संघाशी होता. २ ऑक्टोबरला तो ३४-३४ असा बरोबरीत सुटला. पुढे ७ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. भारत २६-२५ ने जिंकला. त्या स्पर्धेतले ते भारताचे शंभरावे पदक. आपल्याला आनंद झालाच, पण मला त्या हरलेल्या मुलींचेही कौतुक वाटते. कबड्डी काही त्यांच्या गावागावांतला खेळ नाही, तरी फरक फक्त एका गुणाचा!

हा खेळ परदेशी नेण्यात आपल्या वऱ्हाडाचाही हात आहे. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. तेव्हा आपला देश पारतंत्र्यात होता. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत पुरुषांच्या कबड्डीला पदक मिळू लागले, आणि २०१० साली ग्वांगझोऊला महिलांच्या.

आता लहान देश मोठ्याला कसा भिडतो ते पाहू. लोकसंख्या कितीही असो, मैदानात सातच जणी उतरतात. चढाई ३० सेकंदांची. बाद झालेली खेळाडू आपल्या संघाने गडी टिपला की परत येते. हल्लीच्या मोठ्या सामन्यांत तर तीन किंवा कमी गडी उरले असताना चढाई करणारीला पकडले, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. म्हणजे थोडे उरले म्हणून डाव संपत नाही. मात्र पूर्ण संघ उतरवायला सात जणी लागतात.

इथेच आमची अडचण आहे. आमच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या मुली नऊच. कापसाची वेचणी लागली की तिघी घरी राहतात, लहान भावाले सांभाळायले. उरतो सहा. आमच्या आजी म्हणतात, “पोरीले कबड्डी काहून पायजे?” आजी, पकडीत एकमेकींचा हात सुटू द्यायचा नसतो, हे कबड्डीच शिकवते. पुस्तकात वाचून ते येत नाही.

म्हणून आई-बाबांनो, एक विनंती. रविवारी वेचायले आम्ही येतोच. पण सरावाचा अर्धा तास आणि केंद्राच्या सामन्यांचा दिवस, तेवढा आम्हा नऊही जणींना द्या.

वहीत सोडवा :
१) महाराष्ट्राची लोकसंख्या तैवानच्या सुमारे किती पट?
२) बर्लिनचे प्रात्यक्षिक ते बीजिंगचे आशियाई खेळ, मध्ये किती वर्षे गेली?
३) नऊमधून तीन गेल्या, तर संघाला किती कमी पडतात?

— एक विद्यार्थिनी, वर्ग ७ वा