जुनी गाडी तापते तेव्हा

हंगामात पुष्कळांची जुनी जीप किंवा मोटार फडावर आणि गट ऑफिसला सारखी धावत असते. चढाला काटा लाल रेघेवर जातो, बॉनेटमधून वाफ निघते आणि आपण रेडिएटरचे झाकण उघडायला धावतो. तसे मुळीच करू नये.

झाकणामुळे आतल्या पाण्यावर दाब राहतो, म्हणून ते १०० अंशांच्या वर गेले तरी लगेच उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो, उकळते पाणी अंगावर उडते आणि तोंड-हात भाजतात. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावे. मग जाड फडके धरून झाकण सावकाश सैल करावे.

आता कारण क्रमाने पाहू.

१) पाणी कमी आहे का? होज पाइप, क्लिपा आणि वॉटर पंपाखाली ओल पाहावी.

२) पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबावा. साधारण अर्ध्या इंचाहून जास्त दबला तर तो सैल आहे.

३) रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसा बसला असेल, तर गार झाल्यावर इंजिनच्या बाजूने हलके पाणी मारावे.

४) ऑइलची पट्टी काढावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. बहुधा हेड गास्केट गेले. गाडी चालवू नये, टोचन करून मेस्त्रीकडे न्यावी.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. बोअरच्या क्षारी पाण्याने ठिबकच्या नळ्या बुजतात, तसाच रेडिएटरही बुजतो. म्हणून कूलंट वापरावे, असे आम्ही सुचवितो. पट्टा थोडक्यात येतो. हेडचे काम निघाले की उसाच्या बिलाला कात्री लागते.