मोटारी वाहणारी आगगाडी : गणित व भूगोल यांचा एक संयुक्त पाठ

रेल्वेमार्गालगतच्या गावांतील मुलांना अधूनमधून एक चमत्कारिक गाडी दिसते. डबे प्रवासी गाडीसारखे. परंतु खिडक्या पत्र्याने कायमच्या बंद केलेल्या. ही कसली गाडी, असे मूल विचारते आणि ‘मालगाडी’ एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण होते. वस्तुतः या प्रश्नात एका चांगल्या पाठाची सामग्री आहे.

प्रवासी वाहतुकीतून निवृत्त झालेल्या डब्यांतील बाके काढून टाकतात, बाजूच्या खिडक्या बंद करतात आणि दोन्ही टोकांना रुंद दारे बसवितात. दोन डब्यांमधील फटीवर लोखंडी पत्रा टाकला, की सारी गाडी म्हणजे एक लांब बोळच होतो. चालक फलाटाच्या टोकाच्या चढणीवरून नवी मोटार आत घालतो व थेट पुढच्या डब्यापर्यंत हाकीत नेतो. तेथे चाकांना उटी लावून ती पट्ट्यांनी आवळतात.

येथे शिक्षकांनी गणिताकडे वळावे. डबा सुमारे २१ मीटर लांब, लहान मोटार सुमारे ४ मीटर. म्हणजे डब्यात ५ मोटारी आणि २५ डब्यांत १२५. आता वजन विचारावे. मोटार साधारण एक टनाची धरली, तर डब्यात भार अवघा ५ टन! धान्याच्या बंदिस्त वाघिणीत ६० टनांच्या आसपास माल मावतो. जागा संपली, वजन मात्र उरले. माल केवळ वजनाने मोजण्याची मुलांची (आणि कित्येकदा आपलीही) सवय येथे मोडते.

यावर उपाय म्हणून दुमजली वाघिणी आल्या. अशा एका गाडीत ३०० हून अधिक मोटारी जातात. एका ट्रेलरवर ८ धरल्यास रस्त्यावरचे सुमारे ४० ट्रेलर वाचले. तिसरा मजला का नाही, हे मुलांनीच सांगावे. वरचे पूल व विजेच्या तारा त्यांनी पाहिलेल्या असतात.

भूगोलासाठी नकाशावर गुजरातेतील हंसलपूर दाखवावे. तेथील मारुती सुझुकीच्या कारखान्याच्या आवारातच २०२४ साली लोहमार्ग सुरू झाला. महाराष्ट्रात चिंचवड येथूनही मोटारी आगगाडीत चढतात.

शेवटी काड्यापेट्यांची गाडी करून विचारावे : प्रथम चढलेली मोटार प्रथम उतरवायची असेल, तर उतरण्याच्या स्थानकावर चढण कोणत्या टोकाला हवी? चुकीचे उत्तर आल्यास लगेच दुरुस्त न करता पेट्या मुलांच्याच हाती द्याव्यात.